कूलरवाले पोतनीसकाका

ओल्या वाळ्याचा वास आला की इतरांना उन्हाळा आठवतो. मला पोतनीसकाका आठवतात. वाळ्याच्या पडद्यामागचे शिळे, हिरवट पाणी, त्यावर झुकलेले एक टक्कल आणि पत्र्याच्या टाकीत घुमणारा गंभीर आवाज: "नमस्कार, माधव नगर."

आमच्याकडे घरोघरी खिडकीला कूलर असतो. पावसाळा लागला की आम्ही त्याची कळ बंद करतो आणि त्याच्या पोटातले पाणी विसरून जातो. ज्या वर्षी गल्लीत डेंगू फिरू लागला, त्या वर्षी हे विसरलेले पाणी काकांनी आपल्या अखत्यारीत घेतले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात मोबाइल. बँकेतून निवृत्त झाल्यानंतर त्यांना प्रथमच कार्यालय मिळाले होते आणि ते आमच्या खिडक्यांना लटकत होते.

घरात शिरल्यावर ते माणसांकडे पाहत नसत. थेट कूलर गाठत आणि तिथून आमच्या माधव नगर मोहल्ल्याच्या ग्रुपवर व्हिडिओ पाठवीत. त्यात दोष एकच होता. मोबाइलचा मागचा कॅमेरा काकांना कधी सापडलाच नाही. "हे बघा, मच्छरांचे लार्वा कसे उलटे टांगलेत," असे ते तन्मयतेने सांगत आणि आम्हाला दिसत ती त्यांची नाकपुडी आणि पांढऱ्या भिवया. ही चूक त्यांना कोणी सांगितली नाही, कारण लार्व्यांपेक्षा तो चेहराच अधिक बोलका होता. भिवया वर चढल्या की त्या घरची माणसे बादली घेऊन धावत.

ग्रुपवर कोणी काढा, ताईत किंवा रामबाण उपाय पाठवला की काकांचा प्रश्न ठरलेला: "स्वतः पाहिलं?" पाहिल्याशिवाय ते स्वतःही एक अक्षर लिहीत नसत.

समोरच्या तारेबाईंच्या खिडकीतून त्यांनी जाहीर केले, "इथे तर पूरी बारात उतरलीय. बाई, हफ्त्यातून एकदा टंकी रगडून धुवा, सुकवा. बस." तारेबाईंना हे झोंबले. त्यांनी सर्वांदेखत विचारले, "आमच्याकडे तुम्ही येऊन राहिलात, तुमच्याकडे कोण येतं बघायला?"

काका म्हणाले, "या की. कधीही या."

कोणी गेले नाही. त्या घरात ते एकटेच राहत.

मग ग्रुपवर कोणीतरी पसरवले की औषध-फवारणीच्या धुरानेच ताप येतो. गाडी गल्लीत शिरली तेव्हा दारे-खिडक्या धडाधड बंद झाल्या. काका आपल्या ओसरीत उभे राहिले आणि त्यांनी लाइव्ह सुरू केले. पडद्यावर दुधासारखे पांढरे काहीतरी दाटले आणि त्यातून खोकत आवाज आला, "नमस्कार, माधव नगर. मी दिसत नाही, पण मी आहे." हसू आवरत आम्ही एकेक कडी काढली. दुसऱ्या दिवशी ठणठणीत काका पुन्हा हजर झाले आणि त्या अफवेतला जीव गेला.

यथावकाश थंडी पडली. फ्रीगंजच्या बाजारात गराडूचे कंद तळल्याचा खमंग वास दरवळू लागला. ताप ओसरला, कूलर कोरडे होऊन जुन्या चादरींखाली झोपले आणि ग्रुपवर पुन्हा सुप्रभाताचे गुलाब फुलले. काकांचे व्हिडिओ आता कोणी उघडेना. दारांतून उत्तर येई, "काका, सगळं सुकं आहे हो," आणि फाटक अदबीने बंद होई.

फुले तोडताना मी त्यांना पाहत असे. शर्टावर स्वेटर, हातात बॅटरी. घराला कुलूप लावीत, फाटकाशी येऊन डावीकडे पाहत, उजवीकडे पाहत. मग कुलूप उघडून परत आत जात. एका सकाळी मला ते पाहवेना.

"काका," मी हाक मारली, "आमच्या कूलरात लार्व्यांसारखं काहीतरी हलताना दिसलं मला."

ते जवळजवळ धावतच आले. मी चहाचे आधण ठेवले. किसलेल्या आल्याचा तिखट सुगंध खोलीभर पसरला, आणि तोवर आपण किती कच्चे खोटे बोललो हे माझ्या ध्यानी आले. आमचा कूलर दिवाळीतच धुऊन उन्हात वाळवला होता. काकांनी चादर सारली, बॅटरी लावली, वाकले. आत धुळीचा मऊ थर होता आणि कडुनिंबाचे एक वाळके पान. बराच वेळ ते त्या कोरड्या तळाकडे पाहत राहिले. मोबाइल खिशातून निघाला नाही. आता ते "स्वतः पाहिलं?" असे विचारणार म्हणून मी पदराशी चाळा करीत उभी राहिले.

त्यांनी बॅटरी विझवली. चादर हलकेच पूर्ववत पांघरली, खिडकीजवळची खुर्ची ओढून घेतली आणि चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून, माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"आहेत."