चारशे सतरा नंबरची चिठ्ठी

वेंडेलिन कोपे कार्ड वापरत नसे. "नोटेला स्मरणशक्ती नसते," असं तो म्हणे. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेल्या या माणसाला सरकारने आपल्याला मोजलेलं मात्र खपत नसे.

त्या मंगळवारी धोका सरकारपेक्षा मोठा होता. ईस्टरपर्यंत सात आठवडे गोड बंद, अशी त्याची आणि बायको इर्मट्राउटची पैज होती. वेंडेलिनने आधी मोडलं तर उन्हाळ्यात तीन आठवडे मेहुणी गुडरूनकडे. इर्मट्राउटने आधी मोडलं तर समुद्रावर. बँकेचं खातं दोघांचं, आणि इर्मट्राउटने चाळीस वर्षं करसल्लागाराकडे नोकरी केलेली. खात्यातली ओळन् ओळ ती वाचायची. म्हणून तो खिशात नाणी घेऊन आइनबेक गावच्या चौकातल्या बेकरीत शिरला.

"खसखशीचा केक. एकच," तो कुजबुजला.

"इथे खाणार की नेणार?" काउंटरवरच्या रेंकेबाईंचा आवाज खणखणीत.

"हळू हो! नेणार."

"विचारावं लागतं, कोपेसाहेब. इथे बसलात तर कर एकोणीस टक्के, नेलात तर सात."

त्याने नाणी ठेवली. यंत्रातून सरसर चिठ्ठी बाहेर आली.

"ती नको मला."

"नको असली तरी काढावी लागते. कायदा आहे."

"अहो, कुणाला कळू नये म्हणून तर रोख देतोय!"

"मग वाचू नका."

त्याने वाचली. खसखशीचा केक, दहा वाजून त्रेपन्न मिनिटं एकतीस सेकंद, अनुक्रमांक चारशे सतरा. खाली यंत्राने स्वतःच केलेली, दोन ओळी लांब, आकड्या-अक्षरांची सही. मागाहून कुणाला काही बदलता येऊ नये म्हणून. केकच्या एका तुकड्यासाठी! सीमेचे दगड रोवताना त्यानेसुद्धा एवढी काळजी घेतली नव्हती. तो बघतच राहिला. मग भानावर येऊन त्याने चिठ्ठी काउंटरवरच टाकली, केक नदीकाठी संपवला आणि फोनच्या काचेत बघून दातांतली खसखस टिपली.

घरी इर्मट्राउट टेबलाशी बसली होती. "बॅग भर. गुडरून वाट बघतेय." तिने पर्समधून चिठ्ठी काढून त्याच्यापुढे सरकवली. "विसरून आलास. रेंकेबाईंनी दिली."

"यावर माझं नाव कुठंय?"

"नाव कशाला हवं? मी बघितलं ना तुला!"

"कुठून?"

"कुठून म्हणजे... बाहेरून."

वेंडेलिनने चिठ्ठी उचलली. ती जाड लागली. तिच्या पाठीला सायीने दुसरी चिठ्ठी चिकटली होती. त्याने ती हलक्या हाताने सोडवली. चेरीचा केक, वर साय. कर एकोणीस टक्के.

"बसून खाल्लास," तो हळूच म्हणाला.

"कोपऱ्यात. पेपरामागे," इर्मट्राउट पुटपुटली.

"मग चिठ्ठी फेकायचीस ना!"

"पावती? फेकायची?" तिला ते मनापासून लागलं.

"क्रमांक चारशे सोळा. माझ्या आधीचा. दहा एक्कावन्न, चाळीस सेकंद."

"दोन मिनिटांचा तर फरक!"

"एक मिनिट एक्कावन्न सेकंद. खाली सही आहे."

इर्मट्राउटने चिठ्ठी घेतली, चष्मा लावला, सही पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत तपासली. तिच्यात खोट निघेना.

वेंडेलिनने चारशे सोळा नंबरवरची साय रुमालाने पुसली, चिठ्ठीची नीट घडी केली आणि पाकिटात जिथे तो फक्त नोटा ठेवत असे तिथे ती सांभाळून ठेवली.