एकमताचा संशय

विज्ञान हे नवरा-बायकोच्या भांडणाच्या फार वर असतं. संख्याशास्त्र विभागात मात्र ते जिन्यात अडकलं होतं. खालच्या मजल्यावर सर, वरच्या मजल्यावर त्यांच्या पत्नी, म्हणजे मॅडम. आणि दोघेही एकाच विद्यार्थ्याचे मार्गदर्शक. त्याची पीएचडी संपायचं नाव घेत नव्हती, म्हणून सगळे त्याला चिरंजीव म्हणत. सोमवारी त्याला कॉलेजात नोकरीवर हजर व्हायचं होतं. त्याआधी प्रबंधावर दोघांच्या सह्या हव्या होत्या.

विषय साधा होता: नव्या खाद्यानं अंड्याचं वजन वाढतं का? पण अंडी कोंबड्यांची, कोंबड्या खुराड्यांतल्या, खुराडी शेडमधली. अशी एकात एक अडकलेली माहिती.

“मिक्स्ड मॉडेल लाव,” सर म्हणाले. “शेडशेडमधला फरक बाजूला काढायचा, मग आकड्यांना बोलू द्यायचं. आपण मध्ये तोंड घालायचं नाही.”

“बेजियन लाव,” वरच्या मजल्यावर मॅडम म्हणाल्या. “आधी आपली समजूत मांडायची, मग आकडे बघून सुधारायची. बोल, तुझी समजूत काय?”

“मॅडम, मला काहीच वाटत नाही.”

“असं कसं? कोंबडीबद्दल माणसाला काहीतरी वाटतंच!”

चिरंजीव खाली आला. “तिला सगळं आधीच माहीत असतं,” सर म्हणाले. “लग्नाच्याही आधीपासून.”

हे त्यानं वर जाऊन सांगायला नको होतं.

“आणि ह्यांना पुरावे कितीही दाखव,” मॅडम कडाडल्या, “समजूत तसूभर हलायची नाही!”

शेवटी त्यानं दोन्ही लावली. सरांचं मॉडेल चहा उकळेपर्यंत संपलं. मॅडमचं इतकं चाललं, की लॅपटॉपवर पापड भाजले असते. उत्तर दोन्हींचं एकच: अंडं होतं तेवढंच राहतं.

सुटलो, असं म्हणत त्यानं दोघांना एका टेबलाशी बसवलं. दोघांनी आकडे वाचले. मग एकमेकांकडे पाहिलं.

“आपलं एकमत होतंय?” सरांचा आवाज चिरकला. “पडद्यांच्या रंगावर झालं नव्हतं! माहितीतच खोट आहे.”

“अगदी माझ्या मनातलं बोललात,” मॅडम म्हणाल्या. “कोंबड्या पुन्हा तपास रे.”

चिरंजीवानं तिथंच फार्मच्या मालकाला स्पीकरवर फोन लावला.

“कोंबड्या? अहो, त्या कधीच विकल्या. शेड पाडून बॅडमिंटन कोर्ट केलंय.”

मॅडमचे डोळे लकाकले. “म्हणजे फटके खेळाडूंचे, खेळाडू कोर्टांतले...”

“आणि कोर्टं संकुलांतली!” सर खुर्चीतून उठलेच. “नवा प्रबंध!”

चिरंजीवानं भिंतीला पाठ टेकली आणि फोनमध्ये क्षीण आवाजात विचारलं, “कोर्टं किती आहेत हो?”

एकच होतं. एका कोर्टाचा फरक काढणार कशाशी? दोघांनी सह्या केल्या.