नारूमामांची राखण

कुठं वायरीचं मोकळं टोक लोंबताना दिसलं, की नारूमामा खिशातून चिंधी काढून त्याला गाठ मारायचे. ठेचलेल्या बोटाला बांधतात ना, तशी. नवख्यानं विचारलं तर म्हणायचे, "बसप्पापासनं बचाव!"

बसप्पा आमचा शिपाई. जोयड्याकडच्या एका वीज प्रकल्पाच्या ऑफिसात मी टायपिस्ट, आणि नारूमामा मूळचे टेलिफोनवाले. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या वायरीही मामांच्याच गळ्यात पडल्या. पहिल्याच आयुधपूजेला बसप्पानं सगळी मशिनं पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा चढवल्या. साऱ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथं येतात आणि एकाचे निरोप दुसऱ्याला जातात, त्या स्विचच्या डब्याखाली एक टोक लोंबत होतं. सणाच्या दिवशी हे बरं दिसत नाही म्हणून पठ्ठ्यानं ते डब्याच्याच रिकाम्या जागी खोचलं. वायरीचं दुसरं टोक आधीच त्या डब्यात! झालं, निरोप आतल्या आत गोल गोल फिरत राहिले आणि सगळं ऑफिस ठप्प.

"अय्यो, मशीनला पण प्रदक्षिणा घालाय लावलास व्हय रे?" मामा कपाळाला हात लावून ओरडले.

मग त्यांनी स्विचमध्ये राखण बसवली. गेलेला निरोप फिरून परत आला, की स्विच त्या वायरीपुरतंच दार बंद करायचा. बाकी ऑफिस चालू. बंद झालेलं दार मात्र मामांनी येऊन उघडल्याशिवाय उघडायचं नाही. टेबलं हलवताना कुणीतरी घोळ घालायचंच. मग "मामा, या हो!" मामा यायचे. आधी शिव्या, मग दुरुस्ती, मग खुर्ची ओढून चहा, आणि मग रामनगरच्या बाजारापासून खानापूरच्या सोयऱ्यांपर्यंत गप्पा. उठायचं नावच नाही! मामी वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. क्वार्टरमध्ये वाट बघणारं कोण होतं?

पुढं बेळगावहून नवे साहेब आले.

"मामा, दार पाच मिनिटांनी आपोआप उघडेल असं लावता येतं की. माहीत नाही?"

"ठाऊक हाय, साहेब."

"मग लावलं का नाही?"

साहेबांनी स्वतःच लावून टाकलं.

त्यानंतर मामांना कुणी हाक मारेना. व्हरांड्यात स्टुलावर बसायचे. पावलं वाजली की लगबगीनं उठायचे, माणूस तसाच पुढं निघून जायचा. मला मेलं ते बघवेना.

एका दुपारी मीच माझ्या टेबलावरच्या तसल्याच लहान डब्यात एका वायरीची दोन्ही टोकं खोचली. माझा कॉम्प्युटर अडकला. वायर काढून पर्समध्ये लपवली आणि बसप्पाला पळवलं.

मामा आले ते तोंड धुऊन, केस विंचरून, हत्यारांची पिशवी काखेत मारून. तोवर पाच मिनिटं होऊन गेली होती.

"चालू हाय की, बाय."

"व्हय मामा, आत्ताच झालं बघा."

"बरं. जातो मग."

"अहो, बसा की! चहा सांगितलाय. सहजच बोलावलं म्हणा."

"सहज?" मामा खुर्चीच्या कडेला टेकले. "काम नसताना मला कोण बोलावतंय गं?"

आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून ते रडायला लागले. चहा आला तरी त्यांना थांबता येईना.