लिंबाजीमामांनी लॅपटॉप चालवून बघितला

“दावं सोड! आधी चालीव त्याला, मंग बोलू!”

हा आवाज मी पालमच्या बैलबाजारात ऐकला तेव्हा आठ वर्षांचा होतो. आवाज माझ्या मामांचा, लिंबाजीमामांचा. असा आवाज, की चिंचेवरचे बगळे उडायचे आणि विकणाऱ्याच्या तोंडातलं पान खाली पडायचं! मामा बैलाचे दात बघायचे, खूर उचलायचे, मग पाठीवरून हात फिरवायचे. तो हात मात्र लेकराला झोपवणाऱ्या आईचा. त्यांनी निवडलेला बैल कधी वाटेत बसला नाही. आसपासच्या गावांत सोयरीक जुळवायला एक वेळ मामांना विसरतील, बैल घ्यायला विसरायचे नाहीत.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगतोय. तोच तोरा मला नडला.

झालं असं, की आमच्या निकिताला नोकरी लागली. पुण्याची कंपनी, काम परभणीत घरी बसून! अट एकच. स्वतःचा लॅपटॉप पाहिजे आणि सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला तो सुरू पाहिजे. नसेल, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. पंधरा दिवस पोरगी मोबाइलवर डोळे लावून काही तरी शिकत होती. काय शिकते ते मी विचारलं नाही. मी गल्लीत पेढे वाटत होतो, मला वेळ कुठे होता?

“बाबा, लॅपटॉपचं मी काय म्हणते...”

“तू काही म्हणूच नको! तुझा बाप कशाला आहे? स्वस्त आणि टिकाऊ वस्तू निवडायची तर आपल्या घराण्यात एकच माणूस आहे.”

“कोण?”

“लिंबाजीमामा!”

माझी बायको सविता पोळी लाटत होती. तिचं लाटणं हवेतच थांबलं. “अहो, मामांनी आयुष्यात बैल निवडले!”

“वस्तू ती वस्तूच!” मी म्हणालो आणि पालमला फोन लावला.

पलीकडून मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग मामा म्हणाले, “गोपाळ्या, ट्रॅक्टर आल्यापासून मला कोणी बोलवंना झालंय रे. येतो. उद्याच येतो.”

त्यांचा आवाज असा ओला झाला होता, की शेजारी उभ्या निकितानं तोंड उघडलं होतं ते हळूच मिटून घेतलं.

*

रविवारी सकाळच्या एसटीनं मामा उतरले. इस्त्रीचं धोतर, पिवळा फेटा, खांद्यावर नवा कोरा रुमाल. नवरदेवानं लाजावं असा थाट! आम्ही तिघं स्टेशन रोडवरच्या हरिओमच्या दुकानात शिरलो. दुकान थंडगार. काचेच्या टेबलांवर लॅपटॉप ओळीनं मांडलेले. मागच्या खुर्चीत हरिओमचे वडील, किशनराव, गुडघ्याला पट्टा बांधून डुलक्या घेत बसलेले.

“या काका! काय बजेट?” हरिओमनं विचारलं.

“दाम मंग. आधी जनावर दाखव.”

हरिओमनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

त्यानं लाल रंगाचा एक लॅपटॉप पुढे केला. चकचकीत! मामांचे डोळे पाणावले. “अर्रर्र, लाल कंधारी बैलच की रं! रंग बघ गोपाळ्या!” त्यांनी झाकण उघडलं आणि बटणांवरून बोट फिरवत मोजायला सुरुवात केली.

“काका, काय करताय?”

“दात बघायलोय.”

दात पूर्ण निघाले. मग मामांनी लॅपटॉप उलटा केला आणि खालचे चारही रबरी पाय दाबून बघितले. “खूर बरे हायेत.” मग कान लावला. “धाप लागलीय याला. उभ्या उभ्या धाप?”

“तो पंखा आहे काका. लॅपटॉप गरम झाला की फिरतो.”

“अजून काम न्हाई केलं तर गरम कशाला झाला? तापट दिसतो.”

तेवढ्यात निकिता म्हणाली, “बाबा, खरंच तो पंखा जास्तच...”

“तू गप बस, मोठी माणसं बघायलेत!” मी म्हणालो.

माझं हे वाक्य लक्षात ठेवू नका. मलाच आता त्याची लाज वाटते.

पुढचं मात्र एवढ्या वेगात घडलं, की सांगतानाही मला धाप लागते. प्रत्येक लॅपटॉपला चोरीच्या भीतीनं टेबलाशी एक काळी वायर अडकवलेली होती. मामांची नजर तिच्यावर गेली आणि चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज दुकानात घुमला.

“दावं सोड! आधी चालीव त्याला!”

“अहो काका, चालवायचं म्हणजे...”

हरिओमचं वाक्य पुरं व्हायच्या आत मामांनी चार्जर उपटला (“वैरण काढली”), वायर एका झटक्यात तोडली (“दावं काढलं”) आणि लाल लॅपटॉप उघडाच छातीशी धरून ते दुकानाबाहेर पडले!

भोंगा वाजला. साधासुधा नाही! यमाच्या रेड्याला चटका बसल्यासारखा!

“वरडू द्या!” बाहेरून मामांचा आवाज आला. “नवीन हाताला वरडतंच जनावर!”

पुढे मामा, त्यांच्या मागे हरिओम, त्याच्या मागे मी, माझ्या मागे एका हातात चप्पल घेतलेली निकिता. फेटेवाला म्हातारा लॅपटॉप घेऊन पळतोय आणि मागे भोंगा बोंबलतोय, हे बघून एका रिक्षावाल्यानं आरोळी ठोकली, “चोर! चोर!” झालं! केळीवाला गाडा सोडून पळाला. सोडा-लिंबूवाला बाटली घेऊनच पळाला. दोन स्कूटरवाल्यांनी मामांपुढे स्कूटर आडव्या घातल्या.

“चोर कोण?” मामा गरजले. “मी माल चालवून बघायलोय!”

“म्हंजे?” रिक्षावाला म्हणाला.

“म्हंजे काय म्हंजे? बैल घेताना चालवून बघत न्हाईस का तू?”

आता गंमत ऐका. दुसऱ्या गावात पोलीस आले असते. ही परभणी! जमलेल्या पन्नासेक माणसांत चाळीस जणांच्या घरी कधी ना कधी बैल होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. रिक्षावाला ओशाळून म्हणाला, “मंग बरोबर हाय की! कुठपर्यंत चालवणार, काका?”

“त्या कोपऱ्यापर्यंत अन् परत.”

“ओ, वाट द्या! वाट द्या!”

गर्दी दुभंगली. मामा डौलात निघाले. आणि कोपरा दहा पावलांवर आला असताना लाल लॅपटॉपचा पडदा थरथरला, फिका झाला आणि विझला.

“बसला!” पन्नास तोंडांतून एकच हाय निघाली.

“अहो काका, तो वर्षभर चार्जरवरच उभाय! बॅटरी थकणारच!” हरिओम रडकुंडीला आला होता.

“गोठ्यात बांधून खाऊ घातलेला,” मामा खिन्नपणे म्हणाले. “दुसरा दाखव.”

आम्ही सगळे दुकानात परतलो. दुसरा लॅपटॉप काळा होता. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. श्रावणात सासरीच राहून गेलेल्या लेकीसारखा दिसत होता बिचारा. मामांनी पाठीवरून तो जुना, मऊ हात फिरवला. कान लावला. “श्वास गार हाय. निकिता, याच्यावर वझं टाक गं. जेवढं मावंल तेवढं.”

निकितानं चारच बोटं चालवली आणि पडद्यावर वीस खिडक्या उघडल्या. दोन सिनेमे, तीन गाणी, एक मोठा तक्ता, अजून काय काय! एवढं ती कुठे शिकली, हा प्रश्न मला तेव्हाही पडायला हवा होता. मी मात्र गर्दीला अभिमानानं सांगत होतो, “माझी पोरगी!”

या वेळी वायर हरिओमनं स्वतःच सोडली.

मामा निघाले. कोपरा मागे पडला. रेल्वे स्टेशन आलं. उन्हात पडदा नीट दिसत नव्हता म्हणून सोडावाल्यानं आपली छत्री धरली. मागून लोक चालले होते. आत एक सिनेमा रडत होता, दुसरा मारामारी करत होता आणि तीन गाणी एकमेकींच्या झिंज्या ओढत होती. स्टेशनला वळसा घालून मामा परत आले, दुकानाची पायरी चढले आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला. सुरू! रडणं सुरू, मारामारी सुरू, गाणी सुरू!

टाळ्या पडल्या. केळीवाल्यानं मामांना आख्खी फणी दिली. निकितानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मला वाटलं, लाजायलीय.

हरिओमही विरघळला. “घ्या काका, हाच घ्या. खोक्यातला नवा काढतो.”

“खोक्यातला?” मामांचा फेटा ताठ झाला. “चालवून बघितलेलं जनावर सोडून पोत्यात बांधलेलं घेऊ? मला हाच पायजे!”

“पण हा दुकानात ठेवलेला पीस आहे!”

“म्हंजे घाम गाळलेला हाय. लय बेस. आता दाम.”

आणि मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि रुमालाखालचा हात हरिओमपुढे केला.

बैलबाजाराची रीत माहीत असणाऱ्यांना कळलं असेल. तिथे किंमत तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात. बोटांनीच मागायचं, बोटांनीच द्यायचं, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण हरिओमला हे कुठलं माहीत! तो दोन पावलं मागे सरला. “काका, रुमालाखाली काय आहे? वर कॅमेरा आहे हं! मी असलं काही घेत नसतो!”

मामांचा हात तसाच राहिला. रुमाल नुसता लोंबत होता. मला पहिल्यांदाच भडभडून आलं. मी त्यांना बोलावलं होतं, आणि इथे त्यांची भाषा समजणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात मागची खुर्ची करकरली.

किशनराव उठले होते! गुडघ्याचा पट्टा घसरला, पर्वा नाही. भिंत धरून आले, लेकाला कोपरानं बाजूला केलं आणि आपला सुरकुतलेला हात रुमालाखाली घातला.

“बाप्पा,” हरिओम म्हणाला, “तुमी कशाला...”

“गप रे. दुकान काढायच्या आधी मी बैलांचे सौदे जुळवीत होतो. तुझी शाळा त्याच्यावरच झालीय.”

 दोन म्हातारे समोरासमोर. रुमाल हलायचा, थांबायचा. मामांनी भुवई उडवली. किशनरावांनी मान हलवली. मामा दुखल्यासारखे हसले. किशनरावांनी वर बघत देवाला साक्षीला बोलावलं. रुमालाखाली चार बोटं आली की तीन गेली, कुणास ठाऊक! बाहेर काचेला पन्नास नाकं चिकटली होती. मग एकदम दोघांनी हात घट्ट दाबले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले.

“झाला सौदा!” किशनराव म्हणाले. डोळे पुसत लेकाकडे वळले. “पिशवी दे, माउस दे, अन् या दामाला दे.” त्यांनी कानात आकडा सांगितला.

“बाप्पा! एवढी सूट सिस्टीम घेतच नाही!”

“तुझ्या सिस्टीमला सांग, बापानं रुमालाखाली हात दिलाय.”

सिस्टीमनं घेतली. आकडा मी सांगणार नाही. रुमालाखालचा आकडा सांगत नसतात. एवढंच सांगतो, की ठरलेल्या खर्चात सगळं बसलं आणि वर मामांना, किशनरावांना आणि सोडावाल्यालाही उसाचा रस पाजता आला.

*

घरी शेवटचं संकट दारातच उभं होतं. सविता आरतीचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन! सकाळपासून नावं ठेवणारी हीच बाई. पण मामांनी फोनवर सांगितलं होतं, “नवीन जनावर यायलंय,” आणि मामेसासऱ्यांचा शब्द तिला मोडवेना.

तिनं कुंकू लावलं. इथवर ठीक. मग ती पाय धुवायला वाकली.

“आई, पाणी नको!” निकिता किंचाळली आणि लॅपटॉप थेट डोक्यावर धरला. तांब्या आधीच कलला होता. ते सगळं पाणी माझ्या पायांवर. मलाही कुंकू लागलं, तो भाग वेगळा.

सोमवार उजाडला. मामांनी पहाटेची एसटी सोडली, आठची सोडली. “दहा वाजता पहिलं पाऊल बघूनच जातो,” म्हणाले. पावणेदहाला आम्ही तिघं पलंगावर ओळीनं बसलो. समोर टेबल, टेबलावर काळा लॅपटॉप, त्याच्या कपाळी कुंकवाचं बोट. निकितानं बटण दाबलं. पडदा उजळला. कंपनीचं नाव आलं, तिचं नाव आलं आणि त्याच्याखाली हिरवा दिवा लागला. मामांनी माझा गुडघा एवढ्या जोरात दाबला, की मला एक आकडा स्पष्ट ऐकू आला!

“बघितलंस?” मी छाती फुगवून निकिताला म्हणालो. “तुमची पिढी मोबाइलवर बोटं घासत बसते. वस्तू निवडायला नजर लागते, नजर! बरं, काम काय गं नेमकं तुझं? गल्लीत सगळे विचारतात.”

निकितानं कानांवर हेडफोन चढवला. पुन्हा काढला. माझ्याकडं बघितलं, मग मामांच्या फेट्याकडं बघितलं. दहा वाजायला अजून पाच मिनिटं उरली होती.

“बाबा, आधीच सांगणार होते. पण तुमी लिंबाजीआबांना फोन लावला अन् ते लगेच येतो म्हणाले, मग मला बोलवेना.”

“काय ते?”

“मला लोकांचे फोन येतील,” ती हळूच म्हणाली, “अन् कमी पैशात चांगला लॅपटॉप कोणता घ्यावा, ते मी त्यांना सांगायचंय.”