मायनसची बिमारी

यासीनचाचा माणसाला आधी 'कसा आहेस' असं कधी विचारत नसत. ट्रॅक्टर दिसला की बॉनेट उघडून बॅटरीची कुठली तार बॉडीला जोडलीय ते बघत, आणि मग ठरवत, बोलायचं की शिव्या द्यायच्या.

त्यांचं वायरिंगचं दुकान भिवंडीत, लूमच्या खडखडाटात. त्यामुळे ओरडायची सवय होतीच. जुन्या विलायती ट्रॅक्टरांना बॅटरीचा प्लस बॉडीला असायचा. सत्तरनंतर नव्या गाड्या येऊ लागल्या, त्यांचा मायनस बॉडीला. नवे फिटर जुन्या ट्रॅक्टरलाही डोळे मिटून तसंच जोडत.

"सगळ्या दुनियेला मायनसची बिमारी लागलीय!" चाचा कडाडत.

अंजूरचा एक शेतकरी म्हणाला, "चाचा, काय फरक पडतो?"

"मग उद्यापासून पायजमा डोक्यात घाल! काय फरक पडतो?"

माझी वहिनी सोनूबाई भिवंडीजवळच्या शेलार गावात राहायची. भाऊ गेल्यावर त्याचा जुना विलायती ट्रॅक्टर ती स्वतः चालवायची. गावानं नावं ठेवली, तिनं नांगरट सोडली नाही. एका फिटरनं तिची नवी बॅटरी उलटी, मायनस बॉडीला, जोडली आणि संध्याकाळपर्यंत डायनामो जळाला. वर तिलाच म्हणाला, "बाईमाणसानं हात लावला की असंच होनार."

मी चाचांना हे सांगितलं मात्र, दुकान उघडं टाकून ते तरातरा त्या फिटरकडे गेले.

"चूक तुझी आणि बोल तिला? चल, माफी माग!"

फिटर हसला. चाचांनी त्याचा टेस्टर उचलून गटारात फेकला.

मग शेलारला वहिनीच्या अंगणात दोन दिवस खपून त्यांनी दुसरा डायनामो बसवला, तारा नव्या ओढल्या. काम संपल्यावर वहिनीला हाक मारली.

"बेटी, बघून ठेव. आता मायनस बॉडीला. डायनामो पण तसाच बसवलाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "चाचा, तुम्ही? मायनस?"

"ओरडू नको." आवाज एवढा खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "प्लसवाला मी एकटा उरलो रे. हात पण थरथरतात आता. मी नसलो की कुठला पण गाढव येईल, डोळे मिटून जोडील. तेव्हा तिचा डायनामो परत जळायला नको."

त्यांनी वहिनीलाच स्टार्टर दाबायला लावला.

"चाचा, चालू झाला बगा!" वहिनी ओरडली.

चाचांनी पाहिलं नाही. ते पाठ फिरवून, फडक्यानं हात पुसत राहिले.