थोरल्या बागेतला चौथा सनसेट

थोरली बाग आपण वाचवणार, याबद्दल गंगाधर सरांना तिळमात्र शंका नव्हती. लोणावळ्यात एवढी मोठी बाग, आणि तिच्यात माणूस म्हणून सर एकटेच! बाग समितीच्या शैलाताईंनी तर सांगूनच टाकलं होतं, "सर, मोसमभरात माणसं दिसली नाहीत तर तिथे मंगल कार्यालय होणार."

सरांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. त्यांनी बागेत सोळा पाट्या लावल्या. घाटातल्या रेल्वेच्या कामावरची खेचरं इथे कशी बांधत, दगडी चौथऱ्यावर बँड कसा वाजे, सगळं तारीखवार. त्या वाचायला एक म्हैस आली. तिनेही पाठ खाजवण्यापुरताच रस घेतला.

शेवटी सरांनी आपला जुना विद्यार्थी कैलास याला गाठून बागेच्या टोकाच्या कठड्याशी आणलं. तो पर्यटकांना टॅक्सीतून फिरवतो.

"सर, पब्लिकला पॉइंट लागतो," कैलास म्हणाला. "झाडं काय, वाटंनं लय हायेत. ह्या कठड्यावरनं काय दिसतं?"

"समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी."

"टाकीमागं सूर्य बुडतो का न्हाई?"

"बुडतो."

"मंग झाला सनसेट पॉइंट."

"अरे, लोणावळ्यात असे तीन आधीच आहेत."

"ह्यो चौथा. सूर्य काय, कुटनंबी बुडतोय."

सरांना ते पटलं नाही, पण मंगल कार्यालय त्याहून पटत नव्हतं. त्यांनी मनावर दगड ठेवून पाटी रंगवली.

रविवारी कैलासच्या टॅक्सीमागे आणखी टॅक्स्या आल्या. मक्याची कणसं आली, चिक्की आली, भाड्याचा घोडाही आला. पुढे दाट धुकं पडलं, टाकीसुद्धा दिसेना, आणि गर्दी दुप्पट झाली. काहीच दिसत नाही म्हणजे खाली भयंकर खोल दरी असणार, अशी लोकांची खात्री पटली. कठड्याखाली गुडघाभर गटार होतं.

"अंकल, ही दरी किती खोल आहे?" एका पाहुण्याने विचारलं.

सरांना आयता श्रोता मिळाला. "त्याआधी खेचरांचं ऐका," ते सुरू झाले.

"ऐकतो, पण जरा बाजूला व्हा ना. फोटोत येताय."

सर बाजूला झाले. मनातून मात्र ते हरखले होते. बाग वाचली होती.

महिनाभराने शैलाताई पेढे घेऊन घरी आल्या. "सर, कमाल केलीत तुम्ही! मंगल कार्यालय रद्द."

सरांनी पेढा तोंडात टाकला.

"फक्त गाड्यांची रांग पार हायवेला लागते हो. लोक ओरडतात. म्हणून समितीने ठरवलं, बागेत पार्किंग करायचं. कठडा तेवढा राहील."

"आणि झाडं? चौथरा?"

"गाड्या वळायला जागा नको का? पण तुमचा मान ठेवलाय आम्ही. उद्घाटनाला बागेच्या इतिहासावर तुम्हीच बोलायचं."

सरांनी पेढा गिळला. मग ते हो म्हणाले. एवढे श्रोते त्यांना पुन्हा कुठे मिळणार होते?