सरळ दाराची भानगड

दारू सोडल्याच्या अकराव्या दिवशी मिस्त्रींनी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं दार अगदी सरळ बसवलं, आणि मिस्त्री पुन्हा प्यायला लागले अशी बातमी तासाभरात इमारतभर झाली.

त्याचं असं होतं, की इमारतीतली पंधराच्या पंधरा दारं बावीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनीच बसवली होती, आणि तीही चार घोट पोटात गेल्यावर हाताला जी लय येते त्या लयीत. त्यामुळे सगळी एकाच बाजूला, एकाच मापाने कललेली. सगळेच तिरके असले की तिरकं कुणाला म्हणायचं? उलट लोकांची सोयच झाली होती. दोन्ही हातांत पिशव्या असल्या तरी खांद्याने ढकलून आत शिरावं, दार आपलं आपण मागे लागायचं.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांची चौकट खालून कुजली, म्हणून नवी करायची होती. मिस्त्रींनी पेटीतून ओळंबा काढला. त्याच्या दोऱ्याची दुकानदाराने मारलेली गाठसुद्धा अजून सुटली नव्हती. शिशाचं वजन लोंबू दिलं, दोरा स्थिर होईपर्यंत श्वास धरला आणि दोऱ्याला धरून चौकट ठोकली. आयुष्यात पहिल्यांदा.

बाईंनी चष्मा पुसला. "मिस्त्री, वाकडं झालंय."

"सरळ आहे, बाई."

"बत्तीस वर्षं फळ्यावर रेघा मारल्यात मी. सरळ मला सांगू नका."

सेक्रेटरींना बोलावणं गेलं. त्यांनी समोरचं दार पाहिलं, मग हे पाहिलं, मग मान कलती करून दोन्ही पाहिली आणि मिस्त्रींना श्वास सोडायला सांगितलं. लवंगेचा वास आला. तल्लफ आली की मिस्त्री दाढेखाली लवंग धरत. पण बाईंचं म्हणणं असं, की जो माणूस बावीस वर्षं उघड पीत होता त्याने कधी लवंग खाल्ली नाही. आज खाल्ली, म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे.

मिस्त्रींनी ओळंबा आधी नव्या दारावर धरला, मग समोरच्या. दोऱ्याने खरं काय ते सांगितलं. मग सेक्रेटरी म्हणाले, "चौदा दारं एकीकडे, तुमचा दोरा एकीकडे. इमारत बहुमतावर चालते, मिस्त्री." शिवाय नवं दार आपलं आपण लागेना. जिथे सोडावं तिथेच उभं राही, पाहुण्यासारखं.

बाईंना दार पहिल्यासारखं हवं होतं. मिस्त्रींनी चौकट सोडवून दोनदा पुन्हा ठोकली. दोन्ही वेळा ती सरळच बसली. तिरकं करायला जावं तर नजर दोऱ्याकडे जाई आणि हात त्या नजरेचं ऐकत. अकरा दिवसांत हात असे फितूर झाले होते.

शेवटी सेक्रेटरी घरात गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन आले. ती जिन्याच्या पायरीवर ठेवत म्हणाले, "कामापुरती घ्या. दार झालं की पुन्हा सोडा."

मिस्त्रींनी लवंग या गालातून त्या गालात नेली. बाटलीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

तेवढ्यात त्यांची बायको वर आली. मिस्त्रींचं घर याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर. ती शिवणकाम करायची. पुन्हा एक थेंब घेतलात तर मशीन उचलून भावाकडे जाईन, असं तिने अकरा दिवसांपूर्वी बजावलं होतं. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. मशीन खाली जिन्याशी उभं होतं, हातात बॅग होती, आणि गळ्यातली टेप काढायची घाईत राहून गेली होती.

"किती झाली?" तिने विचारलं.

"एकही नाही. सील बघ."

तिने सील पाहिलं. त्यावर न थांबता ओळंबा उचलला आणि दारावर धरला. एक डोळा मिटून बराच वेळ दोऱ्याकडे पाहत राहिली.

"हे तर सरळ आहे," ती म्हणाली.

"तीच तर तक्रार आहे," बाई म्हणाल्या.

बायकोने बॅग खाली ठेवली. समोरच्या दारावर ओळंबा सोडून दोऱ्याला टेप लावली, वर मोजलं, खाली मोजलं. "पाऊण इंच. अहो, पाऊण इंच तिरकं करायला प्यायला कशाला लागतं? पाचर मारा की." आणि बाटली सेक्रेटरींच्या हातात देत म्हणाली, "ही तुमच्या घरात कशी, ते वहिनींना मी विचारू की तुम्हीच सांगाल?"

मिस्त्रींनी खडूने खूण केली, पाचर तासली, पुन्हा मोजलं. पूर्वी जो तिरकेपणा अर्ध्या तासात व्हायचा, त्याला शुद्धीवर संध्याकाळ झाली. बाई दोन पिशव्या घेऊन आत गेल्या. दार त्यांच्यामागे अलगद लागलं.

मशीन दोघांनी मिळून वर घरी नेलं. बॅग तिने रिकामी केली नाही, पण पलंगाखाली सरकवली. हत्यारं बाहेर होतीच, तेव्हा मिस्त्रींनी बसल्या बैठकीला स्वयंपाकघरातल्या टेबलाचा आखूड पायही सारखा केला. तिने त्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि सवयीने उताराच्या बाजूला तळहात आडवा धरला.

पेला जागचा हलला नाही.

"सोड आता," मिस्त्री म्हणाले. "नाही घसरणार."

"दिसतंय मला," ती म्हणाली. "धरते अजून थोडे दिवस."